सिडनी: सर्टिफायरची तक्रार केली तर खरंच काही होतं का?

बॉक्सहिलकर:
नमस्कार मंडळी, बॉक्स हिलला घर बांधून दीड वर्ष झालं आणि बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमची स्कर्टिंग फुगलीये, कोपऱ्यात कार्पेट ओलं लागतं. प्लंबरने दोन टाइल्स काढल्या तर शॉवरच्या कोपऱ्यात मेम्ब्रेन (टाइल्सखालचा वॉटरप्रूफिंगचा थर) जवळपास नाहीच! मग सर्टिफायरने, म्हणजे बांधकाम नियमाप्रमाणे झालंय का ते तपासून मंजुरी देणाऱ्याने, बघितलं काय? बिल्डर फोन घेत नाही. सर्टिफायरचं लायसन जाऊ शकतं का, आणि दुरुस्तीचे पैसे मिळतील का?

मनीषा_हिल्स:
दादा, या दोन वेगळ्या लढाया आहेत. सर्टिफायरची तक्रार बिल्डिंग कमिशन एनएसडब्ल्यूकडे (न्यू साउथ वेल्स राज्याचं बांधकाम नियामक खातं) करायची, आधी हे काम फेअर ट्रेडिंग या ग्राहक खात्याकडे होतं. ते ताकीद देतात, दंड करतात, रजिस्ट्रेशन सस्पेंड किंवा रद्दही करू शकतात, पण त्यातून तुमची बाथरूम दुरुस्त होत नाही. दुरुस्तीसाठी बिल्डरला धरा, आणि ते आधी! वॉरंटी मेजर डिफेक्टला (गंभीर दोषाला) 6 वर्षं, बाकीला फक्त 2. तुमचं मेजरमध्येच बसेल असं धरून चालू नका, 2 वर्षं व्हायच्या आत एनकॅटला (असे वाद सोडवणारं राज्याचं ट्रायब्युनल) अर्ज गेलाच पाहिजे.

जुना_साइटवाला:
ताईंचं बरोबर आहे. सर्टिफायर रोज साइटवर उभा नसतो, सुपरव्हिजन बिल्डरचंच, पण ठरलेल्या टप्प्यांवर इन्स्पेक्शन कंपल्सरी असतं, त्यात बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झाकायच्या आधीचं येतंच. त्याला मेल करून त्या इन्स्पेक्शनचा रेकॉर्ड मागा, तारीख बघा, कोण आलं होतं ते बघा, टाइल्स लावणाऱ्याच्या बिलाशी ताडून बघा. टाइल्स लागल्यावरची तारीख असेल किंवा रेकॉर्डच नसेल आणि तरी ऑक्युपेशन सर्टिफिकेट (घरात राहायची परवानगी) दिलं असेल तर तुमची केस भक्कम. नुसतं "पाणी गळतंय" लिहिलंत तर ते बिल्डरचं काम म्हणून बाजूला पडेल. सर्टिफायरांच्या सरकारी ऑनलाइन रजिस्टरवर त्याचं नाव टाकून आधी काही कारवाई झालीये का तेही बघा, ते सगळ्यांना बघता येतं. आणि हो, सर्टिफायर नेमला कोणी? कायद्याने तो मालकाने नेमायचा असतो. 2018 ला सिडनीतल्या ओपल टॉवर या नव्या उंच इमारतीला तडे गेले तेव्हापासून लोक ओरडतायत, तरी बिल्डर कागदांच्या गठ्ठ्यात सर्टिफायरच्या नेमणुकीचाही फॉर्म सरकवतात आणि आपण सही करतो, याचा मला भयंकर राग येतो.

बॉक्सहिलकर:
फॉर्मचं असंच झालं होतं. रेकॉर्डसाठी मेल आत्ता टाकतो. प्लंबर शुक्रवारी ते बुजवायला येणार होता, त्याला थांबवू ना?

मनीषा_हिल्स:
थांबवाच! आधी स्वतंत्र बिल्डिंग इन्स्पेक्टरचा लेखी रिपोर्ट आणि फोटो, मगच हात लावू द्या.