मदत हवी आहे: जुन्या पिकअपच्या फ्लोअरचं इन्सुलेशन बदलायचंय, आतून फार आवाज येतो

खडखडाट
सीट, मॅट सगळं काढून झालंय. खालच्या नमद्याचा पार भुगा झालाय. त्याखाली डांबरी थर आहे, काही ठिकाणी सुटलेला. आता वर काय घालू, फोम की ब्युटाइल (चिकट रबरी) शीट? किती लागेल? परवा गाडी हवी आहे, थोडक्यात सांगा.

बाराचा_पाना
नमदा ओला होता का? पत्र्याला गंज? डिझेल की पेट्रोल? केबिन सिंगल की डबल? हे न सांगता 'किती लागेल' कसं सांगणार?

खडखडाट
डिझेल, सिंगल. ड्रायव्हरच्या शेजारच्या बाजूला पायाकडे दमट आहे, वाळेल ते. शीटचं सांगा.

बाराचा_पाना
वाळेल आणि परत ओलं होईल. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. बोटाला बुळबुळीत लागून गोडसर वास आला तर हीटर कोअर, म्हणजे इंजिनच्या कूलंटवर चालणारा केबिनच्या हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय. साधं पाणी असेल तर पुढच्या काचेचं रबर, काचेखालच्या जाळीत अडकलेला पालापाचोळा, एसीची निचऱ्याची नळी, दाराच्या आतलं फाटलेलं प्लास्टिक, या क्रमाने बघा. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने पाइप धरायचा. खालून वर जायचं: आधी दार, मग काचेची खालची कड, शेवटी टप. सगळीकडे एकदम पाणी मारलंत तर काही कळणार नाही.

काळा_कोट
शीटबीट सोडा. बेडलायनरचे, म्हणजे पिकअपच्या हौद्याला मारतात त्या जाड रबरी रंगाचे, दोन हात मारा, गंजही नाही नि आवाजही नाही.

निवांत
बेडलायनर गंज अडवतो, आवाज नाही. कंपन मारायला ब्युटाइलचा मऊ चिकट थर आणि वर ॲल्युमिनियम फॉइल लागते. पत्रा हलला की मधलं ब्युटाइल ताणलं जातं आणि कंपनाची उष्णता होते. म्हणूनच सगळा पत्रा मढवावा लागत नाही. 2 मिमी शीट सपाट भागाच्या मधोमध, 25-30 टक्के क्षेत्रावर पुरे. टिचकी मारून बघा: टणटण वाजलं तर लावा, ठप्प वाजलं तर सोडा. रोलर मात्र फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत फिरवा.

डिझेलची घरघर हवेतून येते, ती याने जाणार नाही. त्याला 6 मिमी क्लोज्ड सेल फोम (पाणी न शोषणारा) आणि त्यावर चौरस मीटरला साधारण 5 किलोचं मास लोडेड व्हिनाइल (आवाज अडवणारी जड, लवचिक शीट), सलग, फट न ठेवता. माप घेऊन फोम-व्हिनाइल पूर्ण क्षेत्राचं अधिक 10-15 टक्के आणा, ब्युटाइल एक तृतीयांश. साधा स्पंज नको, पाणी धरून ठेवतो.

हौदावाला
टायर कोणते आहेत? जाड नक्षीचे असतील तर ते घोंघावणारच.

खडखडाट
टायरचं विचारलेलं नाही. जुनं डांबर काढू की त्यावरच चिकटवू?

बाराचा_पाना
घट्ट असेल ते राहू द्या. सुटलेलं काढाच, खाली गंज असतो. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) पसरून दहाएक मिनिटं ठेवा, डांबर ठिसूळ होतं, मग हातोडीने ठोका, कपच्या उडतात. जाड हातमोजे घाला आणि दारं उघडी ठेवा, केबिनमध्ये कार्बन डायऑक्साइड साचतो.

काळा_कोट
हीट गन असताना हा उपद्व्याप कशाला?

निवांत
हीट गनने डांबराचा चिखल होतो, शिवाय पत्र्याच्या खालून डिझेलची नि ब्रेकची नळी गेलेली असते. उरलेला डाग टर्पेंटाइनने पुसा. गंजाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आरपार गेला तर वेल्डिंग, शीटने भोक झाकायचं नाही. मग वायर ब्रश, एपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीम सीलर (फटी बुजवणारी पेस्ट). हे सगळं वाळायला वेळ लागतो, परवाचं विसरा.

बाराचा_पाना
सीट आणि बेल्टच्या बोल्टखाली फोम नको, तो दबतो आणि बोल्ट सैल पडतो. फ्लोअरची रबरी बुचं झाकू नका. ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबला जातोय का तेही बघा, जाड थराला पेडल टेकतं. गिअरबॉक्सच्या उंचवट्यावर डांबरी शीट टाळा, सायलेन्सरच्या उष्णतेने मऊ होऊन वास मारते.

खडखडाट
सीटमागची भिंत पण करू का?

निवांत
करा, सिंगल केबिनमध्ये सर्वांत जास्त वाजणारा सपाट पत्रा तोच. पण बुळबुळीत की साधं पाणी, ते अजून सांगितलं नाहीत.