नाला खोलीकरण बंद करा: तुमचं मत?

खडकाळ माळ: पाणी अडवण्या-जिरवण्यासाठी गाजलेल्या नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव सगळे घेतात, उचलतात मात्र अर्धंच. जेमतेम ४०० मिमी पावसाच्या त्या गावाने आधी डोंगर धरला. उतारावर आडवे समतल चर, झाडं, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेत आपण काय केलं? जेसीबी थेट नाल्यात! मुरमाचे ढीग काठावर, आणि पहिल्या मोठ्या पावसात तोच मुरूम परत नाल्यात. साडेनऊ हजार कोटींच्या वर खर्च करूनही भूजल पातळीवर फारसा परिणाम नाही, असं २०२० मध्ये सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगनेच सांगितलं. माथ्यावरचं काम होईस्तोवर नाल्याला हात लावायला बंदी हवी.

विहीरवाला: बंदी म्हणे! आमच्या नाल्यात कमरेएवढा गाळ होता. पूर्वी दिवाळीतच मोटार हवा ओढायची, गाळ काढल्यावर पाणी संक्रांतीपर्यंत पुरायला लागलं. डोंगरावरची झाडं मुळं धरेपर्यंत माझी डाळिंबं काय वाट बघत बसतील?

खडकाळ माळ: गाळ काढा हो, कोण नको म्हणतंय. पण गाळाखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. आपल्याकडे पाणी मुरतं ते त्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. मुरूमच उकरून नेला तर साठवणार कशात? वर शेजारच्या रानातलं मुरलेलं पाणी उलट त्या चारीत पाझरतं आणि उन्हात उडून जातं. फोटो मात्र झकास येतो.

तापीकाठ: सरसकट बोलू नका. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला खोलीकरण चाललं, कारण तिथे बऱ्याच भागात तापीचा गाळाचा थर आहे. वरची चिकट पिवळी माती काढली की खाली वाळू लागते, पाणी आत जातं. चूक झाली ती तीच पद्धत बेसाल्टवर, म्हणजे या काळ्या पाषाणावर, डोळे झाकून उतरवण्यात.

खालच्या अंगाचा: वरच्या गावांनी थेंब न् थेंब अडवला तर आमच्या तलावात काय येणार? याचा हिशोब कुठल्या आराखड्यात असतो का?

ताळेबंद: मुरवण्यावरच सगळी भांडणं, उपशावर कुणी बोलतच नाही. हिवरे बाजारला दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, पिकं त्यावरून ठरतात. शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही. आणि आपण? बोअरचं पाणी उपसून प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात भरतो आणि त्यालाच जलसंधारण म्हणतो. विहीरवाले भाऊ, बोअरबंदीला तयार आहात?

विहीरवाला: आहे तयार, लिहून घ्या. पण एकट्या गावाने करून काय होणार? जमिनीखाली शिवाराची हद्द नसते. मी थांबलो आणि बांधापलीकडच्याने पाचशे फूट मारलं, तर माझं मुरवलेलं पाणी त्याच्या उसाला. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे, म्हणजे खोली दोनशे फुटांच्या आतच हवी. बोअरची गाडी अडवलेली आमच्या भागात अजून तरी कुणी पाहिलेली नाही. नाल्यावर बंदी मागण्याआधी ती गाडी अडवा, मग डोंगरावर चर खणायला टिकाव घेऊन मी येतो.