न्यूयॉर्कचा माफिया मासळी बाजारात आणि धक्क्यावर कशाला शिरला?

नावेलीकर

नमस्कार मंडळी. मी मडगावचा, हॉटेलांना मासळी पुरवतो. पहाटे घाऊक मार्केटात उभं राहून इसवण, चणक, सुंगटं उचलायची आणि ऊन चढायच्या आत कोलवा-बाणावलीच्या किचनात पोचवायची, हा आमचा धंदा. परवा वाचनात आलं की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलाने न्यूयॉर्कच्या मासळी बाजारातल्या एका माफिया म्होरक्याची मदत घेतली होती. हे खरं का?

खरं असेल तर पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. मासळीत सुटतं किती हे मला चांगलं ठाऊक आहे. दारू, जुगार, सावकारी हातात असताना ही माणसं मासळीत कशाला शिरली? आणि बाजारात बसलेल्या एका माणसाच्या दारात नौदलाने जावं, एवढी त्याची ताकद कशी?

फोंडेकर वाचक

खरं आहे. ९ फेब्रुवारी १९४२ ला न्यूयॉर्कच्या ८८ नंबरच्या धक्क्यावर नॉर्मंडी हे अवाढव्य फ्रेंच जहाज पेटलं. सैनिक वाहून नेण्यासाठी त्याची फेररचना चालली होती. वेल्डिंग-कटिंगच्या ठिणग्या लाइफ जॅकेटांच्या ढिगावर पडल्या आणि आग लागली, म्हणजे तो अपघातच. पण जर्मन हेरांनी घातपात केला असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाने मग सरकारी वकिलांच्या मध्यस्थीने जोसेफ लांझाला गाठलं. फुल्टन मासळी बाजार त्याच्या मुठीत होता. त्याच्या शब्दावर नौदलाची माणसं मच्छीमार बोटींवर आणि बाजारात कामगार म्हणून ठेवता आली. पुढे धक्क्यांसाठी तुरुंगात असलेल्या माफिया म्होरक्या लकी लुसियानोपर्यंत जावं लागलं. १९३६ मध्ये ज्या सरकारी वकील थॉमस ड्यूईने त्याला ३० ते ५० वर्षांच्या शिक्षेवर आत धाडलं, त्याच ड्यूईने गव्हर्नर झाल्यावर १९४६ मध्ये शिक्षा माफ केली आणि लुसियानोची इटलीला रवानगी झाली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सडेकरकाकांनी द्यावं, त्यांची हयात बंदरात गेली.

सडेकर

नावेलीकर, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. ऊन चढायच्या आत माल पोचवायचा, असं तुम्ही लिहिलंत ना? माफियाने विकली ती हीच घाई.

मी मुरगाव बंदरात टॅली क्लार्क होतो. बोटीच्या हॅचमधून (तळघराच्या तोंडातून) निघालेल्या प्रत्येक स्लिंगची, म्हणजे दोरात बांधून उचललेल्या मालाची, नोंद करायची, एवढंच माझं काम. पण त्या जागी उभं राहिलं की बंदराची नस कळते. मालाची किंमत काहीही असो, माल जिथे एका हातातून दुसऱ्या हातात जातो तिथे तो अडवता येतो. अडवणाऱ्याला तलवार लागत नाही, नुसता उशीर करता आला की झालं.

फुल्टन बाजार मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, १८२२ पासूनचा. बाहेरून मासळीचे ट्रक रात्री येत. ड्रायव्हरने स्वतः माल उतरवायचा नाही, असा तिथला रिवाज. उतरवणाऱ्यांच्या टोळ्या ठरलेल्या, कुणाचा ट्रक आधी आणि कुणाचा नंतर हे तेच ठरवणार. एखाद्याचा ट्रक पहाटेपर्यंत तसाच राहू दिला की त्याचा माल गिऱ्हाइकं गेल्यावर फळीवर येणार. तुम्हीच सांगा, बर्फ वितळलेल्या बांगड्याला सकाळी नऊला कोण भाव देतो? व्यापारी मुकाट पैसे टाकणार. खरेदीला आलेल्या हॉटेलवाल्यांकडून गाडी 'सांभाळण्याचे' पैसे वेगळे. रस्ता सरकारी, पार्किंगचे पैसे यांना. नाही दिले तर टायर फाटलेले. लांझाच्या हातात कामगारांची युनियन होती, त्यामुळे संपाची धमकी आणि संप न होण्याची हमी दोन्ही तोच विकायचा. १९४३ मध्ये खंडणीत त्याला शिक्षा झाली, म्हणजे नौदलाचं काम केल्याच्या दुसऱ्याच वर्षी. तरी बाजारावरची पकड पुढे कित्येक दशकं सुटली नाही.

एकेका मासळीमागे सुटत होतं थोडंच. पण शहर रोज खातं, आणि ट्रक रोज येतात.

धक्क्यांवर तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. मॅनहॅटनचे रस्ते अरुंद, जहाजाच्या धक्क्यापाशी रेल्वे थेट येत नव्हती, माल ट्रकनेच न्यायचा. ट्रकांची रांग लागली की लोडिंगवाल्या टोळीला मुकाट पैसे मोजायचे. आणि कामगार घ्यायची पद्धत तर अशी की मला वाचतानाही संताप येतो. सकाळी धक्क्याच्या फाटकासमोर माणसं अर्धवर्तुळात उभी राहायची. भरती करणारा मुकादम समोर. शंभर हातांची गरज, दोनशे माणसं हजर. तो बोट करील तो आत. कानामागे टूथपिक खोचून उभा असलेला माणूस म्हणजे मजुरीतला वाटा द्यायला तयार असलेला, हे मुकादमाला न बोलता कळायचं. ब्रुकलिनच्या रेड हुक भागात तर ठरलेल्या न्हाव्याकडेच केस कापायचे, वाईनसाठी द्राक्षं ठरलेल्या दुकानातून चढ्या भावाने घ्यायची. पैसे संपले की व्याजाने देणारा सावकारही त्याच साखळीतला.

आमच्याकडे देशात १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या नोकरीच्या नियमनाचा कायदा झाला. नोंदणी, पाळीने काम, काम नसलं तरी हजेरीचे पैसे. मुरगावात मी सकाळी गँगचे नंबर फळ्यावर लिहिलेले बघायचो. आज सात नंबर, उद्या आठ नंबर. माणसाला कुणापुढे उभं राहून चेहरा वाचू द्यावा लागत नसे. भांडणं होती, वशिले होते, पण तो फळा होता. न्यूयॉर्कला तो नव्हता म्हणून मुकादम राजा झाला आणि मुकादमाच्या मागे आल्बर्ट अ‍ॅनास्तासियासारखी माफियाची माणसं उभी राहिली.

नावेलीकर

काका, आता लख्ख समजलं. पण एक खटकतं. ब्रुकलिनच्या धक्क्यावरचे कामगार बहुतेक इटालियन, लुबाडणारेही इटालियन. आपल्याच माणसांना असं पिळतात तेव्हा कुणीच आवाज उठवला नाही?

सडेकर

उठवला. पीटर पांतो हे नाव लक्षात ठेवा. आल्बर्ट अ‍ॅनास्तासिया आणि लुसियानोची नावं सगळ्यांना पाठ, पांतोचं कुणाला माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

हा रेड हुकचा तरुण गोदी कामगार. त्याने युनियनच्या सभांत उघड मागणी लावली की मजुरीतला वाटा घेणं बंद करा, युनियनच्या निवडणुका खऱ्या घ्या. त्याच्या सभांना हजाराच्या वर माणसं जमू लागली. १४ जुलै १९३९ ला तो घरून बाहेर पडला आणि परत आला नाही. ब्रुकलिनच्या भिंतींवर खडूने-रंगाने 'पांतो कुठे आहे?' असं लिहिलेलं दिसू लागलं. जानेवारी १९४१ मध्ये न्यू जर्सीच्या लिंडहर्स्टमध्ये चुन्याच्या खड्ड्यात त्याचा देह मिळाला. या खुनासाठी कुणालाही शिक्षा झाली नाही. ज्याच्या साक्षीवर अ‍ॅनास्तासियाविरुद्ध खटला उभा राहू शकला असता तो टोळीतून फुटलेला एब रेलेस पोलिसांच्या पहाऱ्यात असताना नोव्हेंबर १९४१ मध्ये कोनी आयलंडच्या हॉटेलच्या खिडकीतून पडून मेला.

म्हणून 'इटालियन माफिया' हे शब्द वापरताना मला पांतो आठवतो. तोही इटालियनच होता आणि त्याच्या सभांना येणारेही. शिवाय मॅनहॅटनच्या पश्चिम धक्क्यांवर आयरिश टोळ्या होत्या, आणि गोदी कामगारांच्या युनियनचा १९२७ पासूनचा अध्यक्ष जोसेफ रायन आयरिशच. जात-कूळ बघून हा प्रकार समजत नाही, भरतीची पद्धत बघून समजतो.

अस्नोडेकर वकील

सडेकरकाकांचा मुद्दा पटतो, पण कायद्याची बाजूही नोंदवतो. जुन्या कायद्यात एकेका गुन्ह्यासाठी एकेक माणूस पकडावा लागे. म्होरक्या स्वतः काहीच करत नसल्याने तो सुटायचा. १९७० मध्ये रिको कायदा आला, त्यात टोळी चालवणं हाच गुन्हा ठरला. १९३१ मध्ये लुसियानोने न्यूयॉर्क माफियाच्या पाच घराण्यांमधले (म्हणजे टोळ्यांमधले) तंटे मिटवायला जे 'कमिशन' उभं केलं होतं, त्या कमिशनवरच १९८५-८६ मध्ये खटला चालला. काँक्रीटच्या मोठ्या कंत्राटांवर दोन टक्के घेतल्याचा आरोप त्यात प्रमुख होता. तीन घराण्यांच्या म्होरक्यांना प्रत्येकी शंभर वर्षं मिळाली. १९९२ मध्ये गांबिनो घराण्याचा म्होरक्या जॉन गॉटी दोषी ठरला तो त्याचाच उजवा हात ग्राव्हानो साक्षीला उभा राहिल्यामुळे. खरा घाव या खटल्यांनी घातला.

सडेकर

वकीलसाहेब, म्होरके तुमच्या कायद्याने गेले हे मान्य. पण म्होरका गेला की दुसरा बसतो, हे फुल्टनमध्ये दिसलंच. १९८७ मध्ये सरकारने रिकोखालीच तिथल्या मासळी कामगारांच्या युनियनवर दावा लावला, पुढच्या वर्षी देखरेखीला प्रशासक बसला, तरी उतरवणाऱ्या टोळ्या होत्या तिथेच होत्या. १९९५ मध्ये शहराने बाजारात परवाने आणले, जुन्या टोळ्या हटवून माल उतरवण्याचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं, तेव्हा उतरवण्याचे दर खाली आले.

धक्क्यांवर १९५३ मध्ये न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीने मिळून वॉटरफ्रंट कमिशन, म्हणजे धक्क्यांवर देखरेख करणारं सरकारी मंडळ, काढलं. अर्धवर्तुळातली भरती बंद, सरकारी भरती केंद्रं सुरू, गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या माणसांना मज्जाव. त्याच्या तीनच वर्षांनी नेवार्कहून कंटेनर भरलेली पहिली बोट सुटली आणि हळूहळू ब्रुकलिनचे ते धक्केच ओस पडले. काम न्यू जर्सीकडे गेलं. ब्रुकलिनच्या कामगारांच्या नोकऱ्या घटल्या, ते दुःख वेगळं आणि तसंच दुःख मी मुरगावात डोळ्यांनी पाहिलं आहे.

नावेलीकर

फुल्टनचा बाजार अजून आहे का काका? जावई न्यू जर्सीत आहे, त्याला बघून यायला सांगतो.

सडेकर

जुन्या जागी नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये बाजार ब्राँक्समधल्या हंट्स पॉइंटला गेला. एकाच छपराखाली, आतून पूर्ण थंड. आता माल थांबला तरी लगेच नासत नाही, म्हणजे अडवणाऱ्याचं मुख्य हत्यारच बोथट झालं. जावयाला सांगा, रात्रीच जायला हवं, दिवस उजाडला की सगळं आवरलेलं असतं. आणि वॉटरफ्रंट कमिशनचं म्हणाल तर न्यू जर्सीने त्यातून अंग काढून घेतलं, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ते मान्य केलं. त्यांच्या बाजूच्या धक्क्यांवरचं ते काम आता त्यांचे राज्य पोलीस बघतात. जावयाला वेळ असला तर ब्रुकलिनच्या रेड हुकलाही जाऊन यायला सांगा, आणि पांतोचं नाव तिथे कुठे लावलेलं दिसलं तर फोटो इथे टाका.