'का' नको, 'कसं' विचारा
ज्याला कमी कळतं तोच जास्त ठाम बोलतो, असं म्हणतात. पटतं, पण मला 'आपल्याला कळलंय' हा भास जास्त घातक वाटतो. २०१३ मध्ये फर्नबाख, स्लोमन वगैरे संशोधकांनी अमेरिकेत लोकांना इराणवरचे निर्बंध, निवृत्तीचं वय अशा धोरणांबद्दल विचारलं. मताची कारणं देताना लोक तितकेच ठाम राहिले. धोरण नेमकं कसं चालतं हे टप्प्याटप्प्याने सांगायला लावल्यावर मात्र मवाळ झाले.

डिसेंबर २०२३ च्या कांदा निर्यातबंदीवरून आमच्याकडे जेवताना जुंपली होती. मी म्हटलं, "काका, बंदी आली की लासलगावचा भाव पडतो तो कसा?" ते घास हातात धरून गप्प बसले. मग म्हणाले, "थांब, मलाच नीट सांगता येत नाहीये." पुढे अर्धा तास कांदाचाळीतला साठा, व्यापारी, बंदरावर अडकलेला माल यावर बोललो. पक्षाचं नाव निघालं नाही.