कडी काढून झालेली चोरी घरफोडी ठरते का?

प्रश्न – जुळे सोलापूरचा रहिवासी

गड्ड्याच्या यात्रेतील शोभेचे दारूकाम पाहण्यासाठी आम्ही सर्वजण संध्याकाळी साडेसहाला घर बंद करून होम मैदानावर गेलो आणि रात्री दहाच्या सुमारास परतलो, तेव्हा मागील दार उघडे आणि कपाट उचकटलेले होते. आईचे गंठण आणि थोडी रोकड गेली. पुढच्या दाराचे कुलूप जसेच्या तसे होते. मागच्या खिडकीच्या गजांतून हात घालून दाराची आतली कडी काढलेली दिसते. फिर्यादीत भारतीय न्याय संहितेची कलमे ३३१(४) आणि ३०५ लावली आहेत. शेजारच्या एका ज्येष्ठ गृहस्थांचे म्हणणे असे की, घरफोडीला ४५७ आणि ३८० लागते, शिवाय कुलूप तुटलेच नसल्यामुळे ही साधी चोरी ठरेल. जबाब घेताना ऐवजाची किंमत मला तीनदा विचारली गेली, कडीविषयी मात्र एक ओळही लिहून घेतली गेली नाही, याची मला फार चिंता वाटते. शिक्षा नेमकी कशावरून ठरते?

उत्तर १ – फौजदारी वकील, सोलापूर

शेजाऱ्यांनी सांगितलेली कलमे जुन्या भारतीय दंड संहितेची आहेत. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता लागू झाली. त्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना आजही ४५७ आणि ३८० हीच कलमे लागतात, त्यामुळे न्यायालयात दोन्ही क्रमांक कानावर पडतात. घरफोडीसाठी महाराष्ट्राचा वेगळा कायदा नाही, ही केंद्रीय संहिताच येथे चालते.

घरफोडी म्हणजे कुलूप तोडणे, हा समज चुकीचा आहे. कलम ३३० मध्ये घरात शिरण्याचे किंवा घरातून निसटण्याचे सहा मार्ग दिले आहेत. भिंतीला भगदाड पाडणे, माणसांच्या ये-जा करण्यासाठी नसलेल्या वाटेने किंवा भिंत चढून शिरणे, कुलूप उघडणे, बळाचा वापर करणे हे त्यांत येतेच. पण बंद केलेली वाट स्वतः उघडून आत जाणेही येते. घरमालकाची हरवलेली किल्ली सापडली आणि तिने दार उघडून कोणी आत शिरला, तर तीसुद्धा घरफोडीच होय, असे कायद्यातील उदाहरण आहे. तुमची आतून लावलेली कडी हात घालून काढली गेली असेल, तर ही घरफोडी आहे. दार सताड उघडे असते आणि चोर सरळ आत आला असता, तर ते केवळ गृह-अतिक्रमण ठरले असते आणि चोरीच्या हेतूने ते केल्याबद्दल कलम ३३२ खाली कमाल सात वर्षांची तरतूद लागली असती.

दुसरा निकष वेळेचा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेल्या घरफोडीला कायदा अधिक कठोर शिक्षा देतो. जानेवारीच्या मध्यात आपल्याकडे सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो, म्हणून तुम्ही साडेसहाला घर सोडले, ही नोंद फार मोलाची आहे. चोरीच्या हेतूने दिवसा केलेल्या घरफोडीला कमाल दहा वर्षे, रात्रीच्या घरफोडीला कमाल चौदा वर्षे कारावास आहे. राहत्या घरातील चोरीचे कलम ३०५ वेगळे असून त्यात कमाल सात वर्षे आहेत. ऐवज दहा हजारांचा की दहा लाखांचा, यावरून यातले कोणतेही कलम बदलत नाही. किंमत मुद्देमाल ओळखण्यासाठी आणि तो परत मिळवण्यासाठी लागते.

उत्तर २ – चादर व्यापारी

आमच्या गोदामाचे शटर उचकटले गेले होते, तेव्हा तेथे कोणी राहत नसल्याने घरफोडी लागणार नाही, असे आम्हाला सांगण्यात आले होते. ते खरे नव्हते. माल ठेवण्याची इमारत आणि प्रार्थनास्थळ यांनाही गृह-अतिक्रमणाची व्याख्या लागू होते, हे यंत्रमागवाल्यांनी आणि अडत दुकानदारांनी ध्यानात ठेवावे. चोर आपलाच कामगार निघाला, तर मालकाच्या मालाच्या चोरीचे वेगळे कलम ३०६ आहे.

उत्तर ३ – प्रश्नकर्ता

आभारी आहे. चौदा वर्षे वाचून आईला धीर आला. इतकी शिक्षा खरोखर होते का?

उत्तर ४ – फौजदारी वकील, सोलापूर

ती कमाल मर्यादा आहे, आणि आईंना हे आताच समजावून सांगणे मला योग्य वाटते. असा खटला सामान्यतः प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालतो आणि त्यांना तीन वर्षांपेक्षा अधिक कारावास देण्याचा अधिकार नाही. त्याहून कडक शिक्षा हवी असे त्यांना वाटले, तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवता येते, ज्यांची मर्यादा सात वर्षांची आहे. आरोपीला अशाच गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झाली असेल, तर कलम १३ मुळे त्याची अडचण बरीच वाढते. दागिने जाणूनबुजून विकत घेणाराही कलम ३१७ खाली गुन्हेगार ठरतो.

तुम्ही तातडीने पुरवणी जबाब द्या. कडी आतून लावली होती, ती कोणी लावली, खिडकीपासून ती किती अंतरावर आहे आणि घर किती वाजता सोडले, हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. घटनास्थळाच्या पंचनाम्यातही खिडकी आणि दार या दोहोंचा उल्लेख आहे का, ते पाहा. नव्वद दिवसांच्या आत तपासाची प्रगती कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. गंठणाची पावती नसेल, तर ते गळ्यात असतानाचा लग्नसमारंभातील जुना फोटोही ओळख पटवण्यास उपयोगी पडतो.

उत्तर ५ – प्रश्नकर्ता

बहिणीच्या लग्नातील फोटो सापडला आहे. कडी आईनेच लावली होती, म्हणून उद्या सकाळी तिला सोबत घेऊन पुरवणी जबाब देणार आहे.