आईला विजया तेल द्यावं का? गोव्यातल्या लोकांनी जरूर लिहा

डिचोलीकर : आई ७८ ची. दोन वर्षांमागे नागीण झाली, फोड सुकले पण डाव्या कुशीतली आग काही गेली नाही. ब्लाऊज घासला तरी कळवळते, पंख्याचा वारासुद्धा सोसत नाही, रात्री दोनला उठून बघावं तर सोप्यावर कूस धरून बसलेली. प्रीगॅबालिन ही नसांच्या दुखण्याची गोळी चालू आहे, डोस वाढवला की दिवसभर गुंगी. आता एका वैद्यांनी विजया तेल लिहून दिलंय, म्हणजे भांगेच्या पानांचा अर्क. माझं मत स्पष्ट आहे, द्यावं. ७८ व्या वर्षी व्यसन लागेल म्हणून तिला रात्र रात्र बसवून ठेवायचं हे मला पटत नाही.

साखळीची सून : दादा, देऊ नका. माझ्या सासऱ्यांना गुडघ्यांसाठी एका नातेवाइकाने असलंच तेल आणून दिलं होतं, चार रात्री शांत झोपले, आम्ही खूश, पाचव्या रात्री लघवीला उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली नि न्हाणीच्या उंबऱ्यावर पडले ते खुब्याचं हाड मोडूनच. आठ महिने अंथरुणावर होते. या वयात चक्कर हीच सगळ्यात वाईट गोष्ट, दुखणं परवडलं.

डिचोलीकर : वहिनी, वाईट वाटलं वाचून. पण ‘दुखणं परवडलं’ हे ज्याचं दुखतंय त्याने म्हणायचं ना. आणि गुंगी प्रीगॅबालिननेही येतेच की, ते कोणी बंद करा म्हणत नाही.

पेडण्याचा : माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. आमच्या किनाऱ्यावर गांजापायी पोरं कशी वाया जातात ते रोज बघतोय. २०२० च्या डिसेंबरात औषधासाठी लागवडीचा प्रस्ताव आला तेव्हा केवढा गदारोळ झाला, तो उगीच नाही. औषधाच्या नावाने दार उघडलं की आत कोण शिरेल सांगता येत नाही.

डिचोलीकर : किनाऱ्यावरचा माल आणि हे एक नव्हे हो. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, चरस म्हणजे राळ. नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून तर हे तेल आयुर्वेदिक औषध म्हणून चिठ्ठीवर मिळतं. पोरांच्या चुकीची शिक्षा माझ्या म्हातारीला कशाला?

फोंड्याची फार्मसीवाली : कायद्याचं बरोबर आहे, पण कायद्यात बसतं म्हणजे आईला चालतं असं नाही. इंग्लंडच्या नाइस या उपचारांबद्दल डॉक्टरांना सल्ला देणाऱ्या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये जुनाट दुखण्यासाठी गांजाची औषधं देऊ नका असंच सांगितलं, कारण फायदा झाला तर थोडाच. नसांच्या दुखण्यात पुरावा जरा बरा आहे, सांध्यांच्या दुखण्यात फारच कमी, म्हणून तुमची केस गुडघ्यांपेक्षा वेगळी हे मान्य. पण भांगेतली दोन मुख्य द्रव्यं, नशा आणणारं टीएचसी किती नि नशा न आणणारं सीबीडी किती, ते बाटलीवर लिहिलंय का बघा, टीएचसीने गुंगी येते, बीपी उतरतं, ते प्रीगॅबालिनच्या वर म्हणजे दुप्पट. आणि आईला रक्त पातळ करायची गोळी आहे का? वॉर्फरिन असेल तर सीबीडीने तिचा परिणाम वाढतो, आतून रक्तस्राव होऊ शकतो.

डिचोलीकर : वॉर्फरिन आहे. हृदयाचे ठोके अनियमित म्हणून सहा वर्षं घेतेय. वैद्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

फोंड्याची फार्मसीवाली : मग आज रात्री देऊ नका हो. हृदयाच्या डॉक्टरांना आधी फोन करा, आणि सोमवारी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेऊन लिडोकेनच्या म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाच्या पट्टीचं विचारा, ती दुखऱ्या जागेवरच लावतात, गुंगी जवळजवळ येतच नाही.

डिचोलीकर : नेतो. बाटलीचं सील फोडलेलं नाही, फ्रिजवर ठेवलीय. पण पट्टीने भागलं नाही आणि डॉक्टर हो म्हणाले तर मी देणार, हेही सांगून ठेवतो.

साखळीची सून : दिलंत तर निदान रात्री तिच्या खोलीत झोपा दादा, आणि न्हाणीचा दिवा चालू ठेवा.