प्रतिसाद: मे संपायच्या आत उचला

पवना धरणाच्या काठावर राहणाऱ्या कॅम्पवाल्यांचा कचरा कयाकवाल्यांनी (कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी) का उचलायचा, असं वरच्या पोस्टमध्ये विचारलंय. जबाबदारी त्यांचीच, मान्य. पण पवना धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं, उघड्या पडलेल्या काठावर लोक बसतात, आणि पावसाळ्यात धरण भरलं की तिथे राहिलेलं सगळं पाण्याखाली जातं. हेच पाणी पुढे पिंपरी-चिंचवडला प्यायला जातं! म्हणून मे संपायच्या आत एक फेरी माराच.

सोबत कांद्याची जाळीदार गोणी न्या, पाणी निथळून जातं. साध्या पिशवीत पाणी साठून कयाक कलते. थर्माकोलची प्लेट मात्र खालून तळहात घालून अलगद उचला. गेल्या वर्षी मी ती घाईत वल्ह्याने ओढली आणि पांढरे मणी गवतभर पसरले. अर्धा तास वेचत होते, तरी सगळे हाती लागले नाहीत.